म्हाताऱ्याचा वारस

आमच्या शाळेतली पोरं पवार सरांना 'घोडेवाले सर' म्हणायची. सर उभ्या आयुष्यात घोड्यावर बसले नव्हते. स्वतःच्या लग्नातसुद्धा ते पायी गेले, कारण भाड्याने आणलेला घोडा बँडला बुजून भलत्याच मांडवात शिरला. ही गोष्ट सर स्वतःच सांगायचे आणि सांगताना घोड्याचीच बाजू घ्यायचे. "त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, नवरदेव कुठला आणि कुणाचा!"

नाव पडलं ते सिनेमांमुळे. सर इंग्रजी शिकवायचे आणि रविवारी सकाळी शाळेच्या चित्रकला-हॉलमध्ये इंग्रजी सिनेमे दाखवायचे. शाळेत एक प्रोजेक्टर होता. कुटुंबनियोजनाच्या फिल्म दाखवायला तो कधीकाळी सरकारातून आला होता आणि मग कुणीच परत मागितला नव्हता. मी विज्ञान शिकवायचो, आणि विज्ञानवाल्याला यंत्र कळतं, अशी मुख्याध्यापकांची भाबडी समजूत. त्यामुळे तो माझ्या गळ्यात पडला. फिल्मचे डबे मुंबईच्या एका वाचनालयातून रेल्वेने यायचे. सर ते स्टेशनवरून सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणायचे आणि वाटेत कुणी विचारलं तर "पाहुणे आलेत" म्हणायचे.

पाहुणा बहुतेक वेळा एकच असायचा. अमेरिकेतला एक जुना दिग्दर्शक. सर त्याचं नाव घेत नसत. "आमचा म्हातारा" म्हणायचे. मोठ्या माणसाचं नाव उठसूट घ्यायचं नसतं, हे त्याचं कारण. त्यांनी घेतलं नाही म्हणून मीही इथे घेत नाही. म्हातारा शेतकऱ्याचा पोरगा. स्टुडिओत शिड्या उचलायला लागला, मुक्या सिनेमांच्या काळात घोडेस्वारांची छोटी चित्रं काढू लागला, बोलपट आल्यावर मोठा झाला आणि शेवटी काळ बदलला तसा त्याला कुणी काम देईना. एवढं चरित्र शाळेतल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. शिवाजीमहाराजांच्या किल्ल्यांची नावं मात्र त्यातल्या निम्म्यांना येत नव्हती.

म्हाताऱ्याची एक रीत होती. त्याच्या सिनेमात घर कधी एकदम दिसायचं नाही. आधी माळावर धुराची रेघ दिसायची, मग खूप वेळाने घर. सरांनी या रीतीचा मंत्रच केला होता. "आधी धूर, मग घर." पोरांच्या निबंधावर लाल शाईने हेच लिहायचे. 'माझी आई' या निबंधाची सुरुवात 'माझ्या आईचे नाव सुमन आहे' अशी केली की सर वही परत द्यायचे. "आई लगेच दाखवू नको. आधी तिच्या बांगड्यांचा आवाज येऊ दे." बदलीवर आलेला एक इन्स्पेक्टर एकदा वर्गात अर्धा तास बसला आणि जाताना मला म्हणाला, "हे इंग्रजी शिकवतात की स्वयंपाक?"

एकदा सहलीला सरांनी पोरांना सांगोल्याकडच्या माळावर नेलं. तिथे देऊळ नाही, धरण नाही, झाडसुद्धा एखादंच. पोरं हिरमुसली. सरांनी सगळ्यांना पोटावर झोपवलं आणि हनुवटी जमिनीला टेकवायला लावली. "आता बघा. जमीन एवढीशी आणि आकाश केवढं! म्हातारा असा कॅमेरा लावायचा." तेवढ्यात समोरच्या चढावर एक मेंढपाळ आपला कळप घेऊन उगवला. पोरांनी जो गलका केला, तो ऐकून मेंढ्या पांगल्या आणि मेंढपाळाने आम्हाला सगळ्यांना शिव्या घातल्या. सर त्याची माफी मागायला गेले आणि येताना त्याच्याशी तंबाखूची देवाणघेवाण करून आले. त्या दिवसाइतकं खूश मी त्यांना फार वेळा पाहिलं नाही.

सिनेमात टाळी कधी वाजवायची, हेही सरांनीच शिकवलं. म्हाताऱ्याच्या सिनेमाचा शेवट साधारण ठरलेला. गोऱ्या लोकांच्या गाड्या माळावरून चाललेल्या, डोंगराच्या कडेवर रेड इंडियन घोडेस्वार उभे, मग हल्ला, धूळ, आणि सगळं संपलं असं वाटत असताना लांबून बिगूल. पलटण यायची. इंडियन घोड्यांवरून पटापट पडायचे. बिगुलाच्या आधी क्षणभर सर पडद्याजवळ हात वर करायचे आणि पहिली टाळी स्वतः वाजवायचे. त्यामागून सगळा हॉल. बाकं वाजायची, शिट्या व्हायच्या. मी प्रोजेक्टरमागून वाजवायचो. दोन्ही हात मोकळे असले की मी वाजवायचोच.

सरांच्या आणखी एका सवयीबद्दल सांगायला हवं. ते वर्गात हजेरी घेत नसत. मस्टर उघडायचे, वर्गावरून नजर फिरवायचे आणि गुपचूप खुणा करायचे. नाव पुकारायचे नाहीत. मुख्याध्यापकांनी दोनदा तंबी दिली. सर म्हणाले, "पोरगं समोर बसलेलं दिसतंय. ओरडून कशाला विचारायचं, आहेस का म्हणून?" आम्ही याचा अर्थ असा लावला की सर कलंदर आहेत. कलंदर म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही, ही मोठी सोय असते.

तसं आम्ही त्यांना बरंच काही विचारलं नव्हतं. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलो, त्यांची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आम्ही हक्काने खाल्ली, पण त्यांच्या घरी कुणी गेलं नव्हतं. विजापूर रोडला त्यांचा फ्लॅट आहे, बायको लवकर गेली, मुलगी पुण्याला असते, एवढीच माहिती. गाव कुठलं, असं विचारलं तर म्हणायचे, "सोलापूरच की. रेल्वेच्या पलीकडं." रेल्वेच्या पलीकडे अर्धं सोलापूर आहे.

पुढे घरोघर टीव्ही आले, वाचनालयाने डबे पाठवणं बंद केलं, प्रोजेक्टरचा बल्ब गेला तो गेलाच. आम्ही दोघंही रिटायर झालो. आणि परवा, म्हणजे याच वर्षी, गावातल्या एका वाचनमंदिराने सरांना व्याख्यानाला बोलावलं. विषय त्यांनीच कळवला होता: 'एका दिग्दर्शकाची कारकीर्द आणि वारसा'. त्यांचे जुने विद्यार्थीच तिथे आता कमिटीत होते. सरांनी लगेच मला फोन केला. "कुलकर्णी, यंत्र तुमच्याकडं." आता यंत्र म्हणजे लॅपटॉप, पण मी हो म्हटलं.

सरांना हौस की जाहिरात जुन्या पद्धतीची हवी. फ्लेक्स नको, हाताने रंगवलेला बोर्ड हवा. त्यासाठी त्यांनी रशीद पेंटरला शोधून काढलं. रशीदभाई एकेकाळी थिएटरांचे बोर्ड रंगवायचे. नटीचा एक डोळा रंगवायला त्यांना शिडीवर चढावं लागायचं, इतके मोठे बोर्ड. फ्लेक्स आल्यावर ते नंबरप्लेटा आणि दुकानांच्या शटरवर आले. सरांनी काम सांगितलं तेव्हा त्यांनी पैशांचं बोलणंच काढू दिलं नाही. बोर्ड असा ठरला: मध्ये म्हातारा, एका बाजूला घोड्यावरचा हिरो, दुसऱ्या बाजूला इंडियन सरदार. सरांनी सिनेमांचे फोटो दिले.

चार दिवसांनी रशीदभाई फोटोंचा गठ्ठा घेऊन आले. मी तेव्हा सरांसोबत वाचनमंदिराच्या पायरीवर बसलो होतो.

"सर, बुढ्ढे का मूं उतार दिया. हीरो का बी उतार दिया. पन इनां का मूंच नै दिकता जी," ते इंडियनांच्या फोटोंवर बोट आपटत म्हणाले. "सब दूर के दूर. नै तो पीठ. नै तो पर. मैं क्या उतारूं?"

खरंच, फोटोंत नुसत्या पाठी, नाहीतर डोक्यावरची पिसं. सर हसले. "देतो की शोधून. एवढे सिनेमे काढलेत म्हाताऱ्याने. एक तोंड मिळणार नाही होय?"

मग आठ-दहा दिवस सरांचा फोन आला नाही. मी केला तर "बघतोय" एवढंच म्हणायचे. शेवटी एका दुपारी त्यांनीच बोलावलं. "कुलकर्णी, घरी या. फ्लॅटवर नको. आईच्या घरी. तिचं हाड मोडलंय, मी हिकडंच असतो."

सरांना आई आहे, हेच मला नवीन होतं. पत्ता ऐकून मी पुन्हा विचारला. सरांनी पुन्हा तोच सांगितला. सेटलमेंट.

सोलापूरबाहेरच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागेल. इंग्रजांनी काही जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला आणि त्या माणसांना बायकापोरांसकट तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज नाव पुकारून त्यांची हजेरी घेतली. ती जागा म्हणजे सेटलमेंट. स्वातंत्र्यानंतर तार निघाली, शिक्का कागदावरून पुसला गेला, पण गावाच्या तोंडातला शब्द गेला नाही. आमच्या गल्लीत तांब्या हरवला तरी वडीलधारी माणसं त्या दिशेला बोट दाखवायची. तांब्या बऱ्याचदा न्हाणीतच सापडायचा. बोट दाखवल्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही, आणि त्या घरात मी वाढलो.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. आई खाटेवर टेकून बसल्या होत्या. बारीक कुडी, कपाळावर गोंदण, आवाज मात्र खणखणीत. "बसा मास्तर. अंबूनं तुमचं नाव लई सांगितलंय," असं म्हणून त्यांनी मला शेंगदाण्याचा लाडू खायला लावला. अंबादास पवारांना कुणी अंबू म्हणताना मी पहिल्यांदा ऐकत होतो.

पत्र्याच्या ट्रंकेवर लॅपटॉप होता. सर माझ्याकडे न बघता बोलू लागले. त्यांनी मिळतील तेवढे सगळे सिनेमे पुन्हा पाहिले होते, थांबवून थांबवून. "एकही नाही, कुलकर्णी. एकाही इंडियनचं तोंड म्हाताऱ्याने जवळून घेतलेलं नाही. घोड्याचं घेतलंय. कुत्र्याचं घेतलंय. एका सिनेमात तर दाराच्या कडीचं घेतलंय." मग त्यांनी म्हातारपणातला एक रंगीत सिनेमा लावला. "हा एक सापडला. सरदार. दोन वाक्यं पण आहेत त्याला. आता डोळे बघा."

मी वाकून पाहिलं. तांबूस रंग फासलेल्या चेहऱ्यात डोळे निळेशार होते.

"तोंड दाखवायची वेळ आली तेव्हा आपलाच गोरा माणूस रंगवला," सर म्हणाले.

सिनेमा पुढे चालूच होता. किल्ल्याच्या दारात इंडियन बायकापोरं रांगेत उभी, टेबलामागे एक शिपाई नावं पुकारतोय, नाव आलं की एकेकाने पुढे यायचं आणि घोंगडी घ्यायची. आई खाटेवरून बघत होत्या.

"हजेरी चाललीया व्हय रं?" त्यांनी विचारलं.

सरांनी मान हलवली.

"ह्या मानसांनी काय केलं हुतं?"

"काय न्हाय आई. तितं ऱ्हात हुती."

"मग बराबर हाय," आई म्हणाल्या. "आमी बी हितंच ऱ्हात हुतो की." थोडं बघून पुन्हा म्हणाल्या, "शिपाई बरा दिसतोय पर. घोंगडी देतोय. आमचा नुसत्या शिव्या द्यायचा. माज्या बाला तर नाव घ्यायच्या आदीच लाथ."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. शिपायांची तुलना करावी तशी त्यांनी ती केली आणि मला दुसरा लाडू घ्यायला सांगितलं. 

सरांनी लॅपटॉप मिटला आणि मला घेऊन बाहेर ओट्यावर आले. तिथे त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो. "माझा जन्म तार निघाल्यानंतरचा. पण वडिलांच्या आतली तार निघाली नव्हती. रेशनच्या दुकानात त्यांचं नाव पुकारलं की ते ताठ उभे राहून ओरडायचे, 'हजर!' सगळी रांग हसायची. मी लहान होतो. मीपण हसायचो, कुलकर्णी. त्यांचा पोरगा मी नव्हेच, असं दाखवायला जरा लांब उभा राहून हसायचो. तिथनं पळत थिएटरला जायचो. सगळ्यात पुढच्या रांगेत. म्हाताऱ्याचा सिनेमा. बिगूल वाजला की टाळ्या. वडिलांसारखी माणसं पडायची आणि मी टाळ्या वाजवायचो. बापाला ओळखलंच नाही मी. तोंड कुठं दाखवलं होतं म्हाताऱ्यानं, ओळखायला!"

मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. "तुम्ही लहान होता" असलं काहीतरी पुटपुटलो.

"रिटायर होईपर्यंत लहान होतो?" सर म्हणाले.

व्याख्यान रद्द करूया का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "रद्द केलं तर कुणालाच काही कळणार नाही. तसं तर आत्तापर्यंत चाललंच आहे. सांगावं तर लागेल. मला जमेल का, ते मात्र माहीत नाही." शिकवण्या घेणारा, भाषणं ठोकणारा हा माणूस इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. ज्या गावात आयुष्यभर 'पवार सर' म्हणून मान मिळवला, तिथे एका संध्याकाळी तो पणाला लावायचा होता, आणि लावा म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं.

व्याख्यानाच्या दिवशी दुपारी रशीदभाई बोर्ड घेऊन हातगाडीवरून आले. जुन्या रंगात, जुन्या अक्षरात, झकास बोर्ड. म्हातारा मध्ये, हिरो डावीकडे. उजवीकडे डोक्यात पिसं खोवलेला इंडियन सरदार, आणि सरदाराला तोंड होतं. रुंद गालफडं, बसकं नाक, उजव्या भुवईवरचा तीळसुद्धा. पवार सर.

"मूं तो नै मिल्या," रशीदभाई खुशीत म्हणाले. "तो मैं बोल्या, सर का प्रोग्राम है, सर काच उतार देतूं. एकदम फिट बैठ्या सर!"

त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. सर बोर्डासमोर उभे राहिले. मी घाईघाईने म्हटलं की वेळ आहे अजून, पिसं पुसून टाकता येतील. रशीदभाईंचा चेहरा पडला. "क्या सर, गलत हुवा क्या?"

"नक्को पोंछो, रशीद," सर त्यांच्याच भाषेत म्हणाले. "बरोबर उतारे तुमे." बोर्ड दारात लागला. येणारे लोक हसत होते, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढत होते. घोडेवाल्या सरांची गंमत, असंच सगळ्यांना वाटलं.

हॉल भरला होता. टक्कल पडलेले, पोटं सुटलेले आमचेच विद्यार्थी. सरांनी कारकीर्द सांगायला सुरुवात केली आणि मला वाटलं, सर आज काही बोलणार नाहीत. इतकं ते रंगले होते. शिडी उचलणाऱ्या पोराची गोष्ट, मुक्या सिनेमाची, माळावरच्या आकाशाची, धुराची. आपल्याकडच्या डाकूंच्या सिनेमांत घोडे धूळ उडवत येतात ती धूळ कुठून आली, तेही सांगितलं. शेवटच्या दिवसांत म्हातारा बिनकामाचा घरी बसायचा, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. मग त्यांनी मला खूण केली. मी तो जुना प्रसंग लावला.

गाड्या, डोंगर, हल्ला, धूळ. पडद्याशेजारी उभ्या असलेल्या सरांच्या अंगावर त्याचा उजेड हलत होता. बिगूल वाजणार तेवढ्यात सगळ्या हॉलचं लक्ष सरांच्या हाताकडे गेलं. हात वर झाला नाही. पण टाळी वाजली. मागून कुणीतरी वाजवली आणि मग सगळ्यांनीच, शाळेतल्यासारखी, शिट्यांसकट. कितीतरी वर्षांनी लहान व्हायला मिळालं म्हणून माणसं खुशीत होती. इंडियन पडत होते.

"थांबवा," सर म्हणाले. मी थांबवलं. दिवे लागले.

"ही टाळी तुम्हाला मी शिकवली," सर म्हणाले. "तुमची काही चूक नाही. आज विषय आहे वारसा. या माणसाचा वारसा बघायला अमेरिकेत जायला नको. मी उभा आहे इथं." मग ते थांबले. इतके थांबले की पहिल्या रांगेतल्या एकाने पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. "माझी आई तारेच्या आत जन्मली. आपल्या सेटलमेंटमध्ये. वडीलही तिथलेच. मी तिथलाच. रोज त्यांची हजेरी व्हायची. तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, कारण मला लाज वाटायची. आईची वाटायची, वडिलांची वाटायची. आणि शिपायांसाठी टाळ्या वाजवताना वाटली नाही. आता त्या लाजेची लाज वाटते."

वर्गावरून फिरवायचे तशी सरांनी हॉलवरून नजर फिरवली.

"आता तुम्ही म्हणाल, सर, म्हाताऱ्याला टाकून द्या. नाही जमत. कालसुद्धा माळावर कुठं धूर दिसला, तो मी आधी त्याच्याच डोळ्यांनी बघितला. त्यानं मला बघायला शिकवलं आणि त्यानंच मला माझा बाप दिसू दिला नाही. दोन्ही खरं आहे. कसं वेगळं करायचं, मला कळत नाही. कुणाला कळलं तर सांगा." एवढं बोलून ते खाली बसले. चिटणीस आभार मानायला उठला. त्याने सगळ्यांना चहा घ्यायला सांगितलं.

मला त्यांचा अभिमान वाटला आणि स्वतःची शरम वाटली. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांची भाकरी खाल्ली आणि ती कुठून येते, ते विचारलं नाही. आपण जात बघत नाही, असं म्हणण्यात केवढा आळस असतो, ते त्या हॉलमध्ये मला कळलं.

चहाच्या वेळी लोक सरांभोवती जमले. बरेचजण नुसता हात हातात घेऊन पुढे सरकत होते. रशीदभाई लांब कोपऱ्यात, बोर्डाकडे पाठ करून उभे होते. सरांनी स्वतः चहाचा कप नेऊन त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात आमचा एक जुना विद्यार्थी आला. हुशार पोरगा, आता सरकारी नोकरीत बडा साहेब, ड्रायव्हर बाहेर उभा. तो सरांच्या पायाशी वाकला. उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. मनापासून बोलत होता तो, यात मला तरी शंका नाही.

"सर," तो म्हणाला, "खरं सांगू? आम्हाला कधीच कळलं नाही हो. तुमच्याकडं बघून, तुमचं इंग्रजी ऐकून, तुम्ही त्यातले वाटतच नाही. अजिबात."

"थँक यू," सर म्हणाले. मान किंचित लववून, हसून, बक्षीस घ्यावं तसं.

साहेब गेला. लोक पांगले. मी लॅपटॉप पिशवीत भरून बाहेर आलो तर सर पायरीवर बसले होते. एका पायात चप्पल, दुसरी हातात.

"कुलकर्णी, तो शेवटी काय म्हणाला?"

मी सांगितलं.

"आणि मी?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण ते माझ्याकडेच बघत होते. "थँक यू म्हणालात."

"तेच," ते म्हणाले. "एवढं सगळं बोलून झाल्यावर."

ते हसतील म्हणून मी वाट बघितली. ते हसले नाहीत. दुसरी चप्पल तशीच हातात धरून बसून राहिले.